पातेरा

दुखलं असतं तर आधी कळलं असतं.
"माका दुखत नाय बाबा," प्रणील म्हणायचा
आणि पोफळीच्या विरीवर बसून
मला विहिरीपर्यंत ओढायला लावायचा.

गणपतीत नवी चड्डी चढेना.
डावी मांडी, बाहेरून,
फळीसारखी.
ताप नाही, पू नाही, जेवण दोन वेळा मागून.
सहा वर्षांत हे पोर
साध्या खोकल्यानेही शाळा चुकलेलं नव्हतं.

वेंगुर्ल्यात गळू म्हणाले, गोळ्या दिल्या.
कुडाळात टीबी म्हणाले, गोळ्या बदलल्या.
शेजारचा बाबल म्हणाला, देवचाराक नारळ देवक व्हयो.
दिला. दोन दिले.
मग कोणीतरी प्रणीलला बाहेर खुर्चीवर बसवलं,
दार लोटलं आणि हळू आवाजात
"गाठ" म्हणालं.
बांबोळीच्या बसमध्ये सुचिताने
तिकिटाची घडी घातली, उलगडली, घातली.
तो दुसरा शब्द आम्ही दोघांनीही
पत्रादेवी ओलांडून गेलो तरी काढला नाही.

तिथल्या डॉक्टरांनी सुजेच्या कडेखाली बोट घातलं
आणि तव्यावरून घावन सोडवावा
तशी कड उचलली.
पोर हसलं. गुदगुल्या झाल्या म्हणे.
डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा बदलला,
म्हणाले, तुकडा तपासू, थांबा.

चार रात्री पायरीवर झोपलो.
पाचव्या सकाळी लॅबच्या मॅडमनी
एक काचेची बशी उजेडात धरली.
तळाशी मेणासारखं, सुरकुतलेलं काहीतरी
आणि झाकणाला आतून बारीक ठिपके.
"रात्री हिनेच उडवलेत. बुरशी आहे."
"पावावर येते ती?"
"पाल्यापाचोळ्यातली. बेडकाच्या, पालीच्या पोटातही असते.
एखाद्या धडधाकट मुलाला होते.
नेमकी कशी, ते आम्हालाही नीट माहीत नाही."
"आणि औषध?"
"आहे. उशीर झाला नाहीये."

झाकण बंद होतं.
तरी मला वास आला,
आमच्या आगराचा.

पातेरा मीच गोळा करतो.
फणसाचा, आंब्याचा, काजूचा, भारे बांधून
डोक्यावरून आणतो, पोफळींच्या बुडात पसरतो.
वडील पसरायचे. दुकानातलं खत आमच्याकडे शिरलेलं नाही
हे मी पाहुण्यांना सांगत असे,
विचारलं नाही तरी.

थेंब मोजून द्यायचे होते.
पहिल्या दिवशी पाच, मग सहा, मग सात.
कोकमात घातले, ताकात घातले, शहाळ्यात घातले.
"खिळो चाटल्यासारख्या लागता," तो म्हणायचा.
नाक गळायचं, डोळे लाल व्हायचे,
पण तिसापर्यंतचे आकडे
त्याला बाईंनी शिकवावे लागले नाहीत.
दर रविवारी सुचिता सुंभाची दोरी
मांडीभोवती गुंडाळायची
आणि जिथे टोक भिडेल तिथे गाठ मारायची.
कार्तिकात दोन गाठी एकमेकींवरच बसल्या.
त्या आठवड्यात ती माझ्याशी बोलली नाही.
मग एक गाठ आत सरकली. मग अजून एक.
काजूला बोंडं धरली तेव्हा
मांडी दाबली की मांडीसारखी दबू लागली.

बाबल म्हणतो, पातेरो जाळून टाक सगळो.
एकदा काडी ओढलीसुद्धा.
पण मे महिन्यात पोफळीच्या मुळांवर
सावली कोण धरणार?
काडी बोटापर्यंत आली, टाकली.
त्याला गमबूट आणले. तो एकच घालतो,
दुसऱ्यात खेकडा ठेवतो.

काल न्हाणीत बेडूक होता.
दगडाच्या खाचेत, गळा धपधपत.
मी खराटा उचलला.
मागून प्रणील, अंग ओलं, पंचा गुंडाळलेला,
"मारू नको बाबा. त्याका काय म्हायत!"
खराटा हातात होता.
बेडूक माझ्याकडे बघत होता की दुसरीकडे
ते बेडकाचं कधी कळत नाही.